फुटव्यातून आलेलं दुखणं

फेब्रुवारीतली गोष्ट. सासूबाई काजूच्या बागेतून फाटी घेऊन आल्या आणि भारा अंगणात टाकता टाकताच म्हणाल्या, "गो, गडग्याकडच्या अननसांका काय झाला? पानां तांबडी दिसतत."

मी हातातलं काम टाकून गेले. गडग्याला, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंतीला, लागून असलेल्या दोन ओळींतली पंधरा-वीस झाडं वेगळी दिसत होती. पानांचा हिरवा रंग जाऊन आधी पिवळट आणि मग गुलाबी-तांबूस छटा आलेली, टोकं वाळलेली. पानांच्या कडा खाली वळून पान आवळल्यासारखं झालेलं. मॉरिशस जातीचं पान कसं ताठ, काटेरी, सुरीसारखं असतं. हे पान हातात धरलं तर मऊ लागत होतं, जणू आतलं पाणीच कोणी ओढून घेतलंय. पाण्याची ओढ बसली असेल असं मनाशी म्हणत मी त्या दिवशी दोन पाइप जास्त पाणी सोडलं. पुढच्या तीन महिन्यांत मी जे काही चुकीचं केलं, त्याची सुरुवात ही अशी झाली.

आम्ही दोडामार्ग तालुक्यातले, तिलारीच्या खोऱ्यातले. हे गोव्यात कारखान्यात कामाला जातात, सकाळी सहाला मोटारसायकल काढतात ती रात्री परत. बाग माझ्याकडे. पूर्वी काजूत केळी होती, ती हत्तींनी दोनदा लोळवली. तेव्हापासून केळीचा नाद सोडला. आमच्या आजूबाजूला केरळमधून आलेली मंडळी जमीन खंडाने घेऊन रबर आणि अननस करतात, त्यांचं बघून सप्टेंबर २०२१मध्ये मीही नवीन काजूच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेत अननस लावला. नऊ हजार फुटवे, म्हणजे जुन्या झाडाला फुटलेली पिल्लं. शेजारच्या प्लॉटवाल्या चेट्टांकडे (चेट्टा म्हणजे मल्याळीत दादा) त्या हंगामात द्यायला फुटवे शिल्लक नव्हते. म्हणून दुसरीकडे एक जुना खोडवा (फळ काढल्यावर त्याच झाडांवर घेतलेलं पुढचं पीक) मोडत होते, तिथून निम्म्या भावात आणले. कोणाकडून ते लिहीत नाही. त्या माणसालाही ठाऊक नसावं की तो काय विकतोय. फुटवे दिसायला चांगले होते, हिरवेगार, हाताला जड. खालची सुकी पानं सोलून बघावीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्याही मनात आलं नाही.

जास्त पाणी देऊन आठवडा झाला तरी फरक नाही, म्हणून मी दोन पानं पिशवीत घालून दुकानात नेली. दुकानदाराने पानं उलटीपालटी केली आणि बुरशी म्हणाला. पावसात माझी काही झाडं खरंच कुजली होती, त्यामुळे मलाही ते पटलं. तांब्याचं बुरशीनाशक आणून मुळाशी ओतलं. वर युरिया दिला. तीन आठवडे असेच गेले. तोवर पंधरा-वीसाची शंभरावर झाडं झाली होती, आणि लाली गडग्याकडून आत सरकत होती.

एका संध्याकाळी सासूबाईंनी त्यातलं एक झाड सहज ओढलं. अननसाचं झाड असं सहज येत नाही, हाताला काटे लागतात, कमरेला ताण बसतो. ते मात्र भुसभुशीत मातीत खोचलेली काठी उपटावी तसं वर आलं. त्यांनी बुंधा उलटा धरला. "मुळां खंय गेली हेची?" मुळं होती, पण चार-पाच, तपकिरी, वाळक्या सुतळीसारखी, बोटात धरली की मोडणारी.

दुसऱ्या दिवशी मी चेट्टांना बोलावलं. त्यांना सगळे चेट्टा म्हणतात, मीही म्हणते, आणि ते मला चेची, म्हणजे ताई, म्हणतात. वीस वर्षं इथे आहेत. मराठी समजतं, बोलताना हिंदी येते. त्यांनी आधी तांबड्या झाडाच्या पोंग्यातलं, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या झुबक्यातलं, मधलं पान धरून ओढलं. पान आलं नाही, घट्ट होतं. मग वास घेतला. मला म्हणाले, कुजलेलं असतं तर हे पान अलगद हातात आलं असतं आणि त्याच्या पांढऱ्या बुडाला घाण वास आला असता. इथे शेंडा शाबूत आहे आणि मुळं गेलीत, म्हणजे बुरशीचं औषध ओतून उपयोग नाही. इतका साधा फरक, पण माझे तीन आठवडे आणि औषधाचे पैसे तो माहीत नसल्यामुळे गेले. म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवते.

मग त्यांनी बुंध्याजवळची खालची पानं एकेक करून सोलली. पानाचं रुंद पांढरं बूड जिथे खोडाला मिठी मारून असतं, त्या खोबणीत पीठ सांडल्यासारखं काहीतरी होतं. मी बोटाने पुसलं. बोटाला गुलाबी ओल लागली.

पिठ्या ढेकूण. आमच्याकडे सगळे मिलीबगच म्हणतात. जास्वंदीवर, पेरूवर पाहिलेले. पण अननसात ते असे मातीलगत, पानांच्या आत लपून बसतात हे मी प्रथमच पाहत होते. मुलगी दापोलीला कृषी शिकते, ती शिमग्याला आली तेव्हा तिचं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन आम्ही दोघी एक झाड अंगणात घेऊन बसलो. भिंगाखाली तो किडा तांदळाच्या दाण्याहून लहान, लंबगोल, पोटाने फुगलेला. मेणाच्या पांढऱ्या भुकटीखालून अंगाचा गुलाबी रंग दिसतो आणि कडेने मेणाचेच बारीक दोरे झालरीसारखे सुटलेले असतात. सोंड पानात रोवलेली. एका मादीच्या मागे हालणारे ठिपके दिसले, पिवळट-गुलाबी, सहा पायांचे. "पिल्लं आहेत आई," मुलगी म्हणाली. "ही जात अंडी घालून सोडत नाही, पिल्लंच बाहेर येतात." मोठी मादी जागची फारशी हलत नाही. फिरतात ती ही पिल्लं, आणि वाऱ्यावर उडून शेजारच्या झाडावर जातात तीही हीच.

एवढ्याशा किड्यांनी रस पिऊन मुळं कशी मरतील, हे मला पटेना. झाडावर फार तर पन्नास-साठ होते. जास्वंदीवर याच्या दसपट असतात आणि जास्वंद फुलतच राहते. यावर मुलीने जे सांगितलं, त्याने माझी या रोगाकडे बघायची नजर बदलली. हवाई बेटांवर अननसाचे मोठे मळे होते, तिथे १९३०च्या दशकात वॉल्टर कार्टर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने या मर रोगाचा आणि पिठ्या ढेकणाचा संबंध बारकाईने अभ्यासला. त्या काळी समज असा होता की किडा रस पिताना झाडात विष सोडतो. किड्याबरोबर एक विषाणूही असतो, हे कोडं उलगडायला पुढे कित्येक दशकं लागली. किडा आजारी झाडाचा रस पितो, विषाणू त्याच्याबरोबर पुढच्या झाडात जातो. आणि हवाईतल्या अभ्यासात असंही दिसलं की नुसता विषाणू झाडात असून झाड वाळतंच असं नाही, आणि नुसता किडा बसूनही वाळत नाही. विषाणू आत असलेल्या झाडावर किडा रस प्यायला बसला की मग झाड लाल होतं, मुळं टाकतं.

म्हणजे विषाणू आला कुठून? मी मुलीला विचारलं खरं, पण विचारता विचारताच मला उत्तर कळलं होतं. अननसाला आपण बी लावत नाही. फुटवा लावतो, नाहीतर फळावरचा शेंडा. आईच्या अंगात जे असेल ते लेकराच्या अंगात येणार. निम्म्या भावात आणलेले ते नऊ हजार हिरवेगार फुटवे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचा प्रश्न होताच. पण मी स्वतःच्या हाताने, एकेक फुटवा सरळ धरून, माती दाबून हे लावलं होतं, आणि तेच आठवत राहिलं.

चेट्टांनी पहिल्या दिवशीच एक गोष्ट सांगितली होती, ती मी नीट ऐकली नव्हती. औषध कोणतं मारू असं मी विचारत होते आणि ते म्हणत होते, "चेची, दवा बाद में. पहले उरुंब देखो." उरुंब म्हणजे मल्याळीत मुंगी. मला वाटलं, मुंग्या काय, सगळीकडेच असतात.

मी औषधच आधी केलं. रासायनिक फवारणी नको होती, काजूला मोहोर होता, मधमाश्या येत होत्या. मासळीच्या तेलाचा आणि राळेचा साबण मिळतो, तो पाण्यात मिसळून पंपाने मारला. वरून मारलेलं पाणी पानावरून घरंगळतं आणि मेण लावलेल्या किड्याच्या अंगावरूनही घरंगळतं. तेव्हा नळी हातात धरून एकेका झाडाच्या बुंध्यात, पानांच्या खोबणीत सोडत गेले. दिवसाला सहा ओळी व्हायच्या. हातांवर, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. आठ दिवसांनी सोलून बघितलं तर किडे खरंच कमी झाले होते, मेलेले काळपट पडले होते. मला धीर आला. आणखी तीन आठवड्यांनी पुन्हा सोललं तर पहिल्याइतकेच.

मग मात्र मी मुंग्या बघायला बसले. अक्षरशः बसले. दुपारचं ऊन उतरल्यावर गोणपाट टाकून गडग्याकडच्या ओळीत पालथी पडायचे आणि एकाच झाडाच्या बुंध्याकडे बघत राहायचे. बारीक तपकिरी मुंग्या, त्यांच्यात मधूनच मोठ्या डोक्याची एखादी. पानाच्या बुडाशी त्यांनी मातीचे कण रचून छप्पर केलं होतं, बोटाच्या पेराएवढं, आणि त्याखाली पिठ्या ढेकूण बसलेले. मुंगी यायची, मिशांनी किड्याच्या पाठीवर थोपटल्यासारखं करायची, आणि किड्याच्या मागून एक चकचकीत थेंब यायचा. मुंगी तो प्यायची आणि पुढच्याकडे जायची. गोठ्यात धार काढावी तसं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एक मुंगी जबड्यात गुलाबी ठिपका धरून जाताना दिसली. तिने तो खाल्ला नाही. शेजारच्या, मी साबणाने धुऊन काढलेल्या झाडाच्या बुंध्यात ती शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिचं तोंड रिकामं होतं.

घरी येऊन कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि प्लॉटचा नकाशा काढला. चोवीस ओळी. जिथे झाड लाल तिथे लाल खडूचा ठिपका. दोन संध्याकाळी लागल्या. पूर्ण झाल्यावर बघितलं तर ठिपके सगळ्या प्लॉटभर विखुरलेले नव्हते. चिऱ्यांच्या गडग्याला लागून दाट, तिथून आत विरळ होत गेलेले, आणि मधल्या बाजूला अगदी तुरळक. गडग्याच्या फटींत, चिऱ्यांखाली मुंग्यांची वारुळं होती. पिढ्यान् पिढ्या तो गडगा तिथे आहे, आमच्या आजेसासऱ्यांनी घातलेला. विषाणू कदाचित सगळ्या प्लॉटात, सगळ्या फुटव्यांत कमी-जास्त असेलही. पण लाल झाली ती मुंग्यांच्या वाटेवरची झाडं. विषाणू मला डोळ्यांनी दिसणार नव्हता, तपासायला माझ्याकडे प्रयोगशाळा नव्हती. मुंगी दिसत होती. तेव्हा जे दिसतंय तिथून सुरुवात करायची असं ठरवलं.

वारुळांवर उकळतं पाणी ओतून काही झालं नाही. गडगा कितीतरी लांब आणि वारुळं आत खोल. मग मुलीने बोरिक पावडरचं आमिष सुचवलं. कॅरमवर टाकतात तीच पावडर, औषधांच्या दुकानात मिळते. पहिल्यांदा मी साखरेच्या पाण्यात ती सढळ हाताने घातली. मुंग्या एकतर शिवल्याच नाहीत, नाहीतर झाकणापाशीच मरून पडल्या. जागेवर मुंगी मरून उपयोग नाही, तिने ते वारुळात नेऊन इतरांना भरवलं पाहिजे, म्हणून पावडर अगदी थोडी हवी. साखरपाण्याच्या शंभर भागांना एक भाग, त्याहून कमी चालेल, जास्त नको. तरीही गिऱ्हाईक कमीच. मला नंतर सुचलं की यांना गोड घरचंच मिळतंय, शेकडो किडे दिवसभर थेंब देतायत. त्या साखरेला कशाला येतील? म्हणून सुका जवळा तव्यावर भाजून कुटला, थोड्या शेंगदाण्याच्या कुटात कालवला आणि त्यात चिमूटभर पावडर. रात्रीत झाकण रिकामं. जवळ्याच्या वासाला कोंबड्या आणि कुत्रंही आलं असतं, म्हणून पाइपचे वीतभर तुकडे कापून आमिष त्यांच्या मधोमध ठेवलं आणि गडग्याच्या कडेने दर सात-आठ हातांवर एक असे दगडाखाली दाबले. आठवड्याला दोनदा भरायचे. त्याबरोबर गडग्यापासून चार हात पट्टा खरवडून साफ केला, कारण गवताच्या आणि लव्हाळ्याच्या मुळांवरही हे किडे राहतात.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. काजूवर पानं शिवून घरटी करणारे तांबडे मुंगळे असतात, आमच्याकडे त्यांना हुमले म्हणतात. त्यांना मी हात लावला नाही. ते काजूच्या मोहोराचा रस शोषणाऱ्या ढेकण्या नावाच्या किडीला (ही पिठ्या ढेकणाहून वेगळी) पळवून लावतात. माझी तक्रार गडग्यातल्या मुंग्यांबद्दल होती, झाडावरच्यांबद्दल नाही. आमिष जमिनीलगत, पाइपात ठेवायचं ते याच्यासाठीही.

महिन्या-सव्वा महिन्याने ओळीत पालथी पडून बघितलं तेव्हा रहदारी तुटली होती. एखाददुसरी चुकार मुंगी. मातीची छपरं ढासळलेली. आणि पिठ्या ढेकूण? त्यांचे गोड थेंब आता कोणी उचलत नव्हतं. सगळं बूड चिकट झालेलं, त्यावर काळी बुरशी, किडे स्वतःच्याच चिकट्यात लडबडलेले. आणखी दोन आठवड्यांनी त्यांच्यात एक मोठा, जास्त पांढरा, लांब दोऱ्यांचा किडा दिसला. मी नखाने चिरडणार तेवढ्यात तो भराभर चालू लागला. पिठ्या ढेकूण असा चालत नाही. मुलीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, "आई, मारू नकोस त्याला! ती ढालकिड्याची अळी आहे." किड्यांना खाणारी अळी, किड्यांचंच सोंग घेऊन त्यांच्यात शिरलेली. मुंग्या होत्या तोवर त्यांनी तिला जवळ येऊ दिलं नव्हतं. साबण मारताना मी अशा किती धुऊन टाकल्या असतील या विचाराने फार वाईट वाटलं. त्यानंतर त्या प्लॉटात फवारणीचा पंप मी नेलाच नाही.

हे सगळं होईतो मे उजाडला होता. जी झाडं पार वाळली होती ती काढणं भाग होतं. चेट्टांनी बजावलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी चूक केली. चाळीसेक झाडं उपटली आणि वाळायला गडग्यावर टाकली. झाड सुकायला लागलं की किडा ते सोडतो, आणि उरल्यासुरल्या मुंग्या त्याला न्यायला तिथेच होत्या. दुसऱ्या सकाळी त्या ढिगाखालून शेजारच्या ओळीत रांग चाललेली पाहिली. मग पद्धत बदलली. आधी झाडावर साबणाचं पाणी चांगलं मुरेल असं ओतायचं, मग उपटायचं, गोणीत भरायचं आणि लांब खणलेल्या खड्ड्यात टाकून वर माती. नऊ हजारांतली दोन हजार सहाशे झाडं अशी गेली. सासूबाई गोणीचं तोंड धरायच्या आणि मी भरायचे. दोघी बोलत नसू.

त्या दिवसांत मुलीने फोनवर मला घानाची गोष्ट सांगितली. तिथे कोकोच्या झाडांना पिठ्या ढेकूणच विषाणू पोचवतो, झाडाच्या फांद्या सुजतात आणि झाड मरतं. १९३६मध्ये तो रोग पहिल्यांदा नोंदला गेला. रोखायला एकच उपाय होता, झाडं तोडणं. वीस कोटींच्या वर झाडं तोडली गेली. तोडायला येणाऱ्या सरकारी लोकांवर तिथले शेतकरी चिडून उठले होते. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा तिथे. मला त्या शेतकऱ्यांचं काहीच चुकलं असं वाटलं नाही. झाडावर अजून फळ दिसतंय आणि कोणीतरी येऊन म्हणतो तोड, तर हात कसा उठेल?

जूनमध्ये पाऊस लागला आणि एक विचित्र गोष्ट झाली. मी न काढलेली, थोडीशी लाल झालेली झाडं पुन्हा हिरवी झाली. नवीन पानं ताठ, तजेलदार. वाडीतले लोक म्हणाले, उगाच घाई केलीस, सगळीच सुधारली असती. मला स्वतःलाही क्षणभर तसं वाटलं. पण चेट्टा आले, सोबत जुन्या तांबड्या साडीच्या चिंध्या. नकाशा बघून जे झाड कधीही, एकदा जरी लाल झालं होतं त्याला एकेक चिंधी बांधायला लावली. म्हणाले, पाऊस संपेपर्यंत तू विसरशील कुठलं कुठलं होतं.

आणि खरोखर, ऑगस्टात चिंधी नसती तर मला फरक ओळखता आला नसता. पोंग्यात इथ्रेल-युरियाचं पाणी ओतून सगळ्यांना एकदम फुलोरा आणला. डिसेंबरअखेर फळं तयार झाली. बिनचिंधीच्या झाडाचं फळ सव्वा किलोच्या आसपास. चिंधीवाल्या झाडाचं सहाशे-सातशे ग्रॅम, वर निमुळतं, डोळे बारीक. व्यापाऱ्याने ती वेगळी काढली आणि त्यांना भाव जवळजवळ दिलाच नाही. पण ज्या गोष्टीने माझ्या अंगावर काटा आला ती फळांनंतरची. चिंधीवाल्या झाडांना फुटवे आले, आणि ते फुटवे सुंदर होते. हिरवेगार, हाताला जड. मी विकत आणले होते अगदी तसे.

जानेवारी २०२३मध्ये एक जण गाडी घेऊन दारात आला. सगळे फुटवे द्या, भाव चांगला देतो. चिंधीवाले आणि बिनचिंधीवाले, त्याला फरक नव्हता. ह्यांनीही म्हटलं, तोटा थोडा भरून निघेल. मी नाही म्हटलं आणि चिंधीची झाडं फुटव्यांसकट खड्ड्यात घातली. घरात दोन दिवस अबोला होता. पण ते फुटवे कोणाच्या तरी बागेत गेले असते आणि तिथली कोणीतरी बाई अशीच भिंग घेऊन बसली असती.

बिनचिंधीच्या झाडांचे बाराशे फुटवे ठेवले. त्यांच्यातही विषाणू नसेलच असं नाही, म्हणून गरम पाण्याचा उपाय केला. पन्नास अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीस मिनिटं. हवाईतच अननसाच्या शेंड्यांवर हे करून पाहिलेलं आहे. सांगायला सोपं आहे. पहिला घाणा मी चुलीवरच्या पिंपात केला. लाकडाची आग हवी तेवढी कमी-जास्त होत नाही, पारा पंचावन्नच्या वर गेला, आणि चार दिवसांत त्या साठ फुटव्यांचे पोंगे तपकिरी पडले. शिजले ते. पुढच्या वेळी पिंप चुलीवरून खाली घेतलं, भोवती ओली गोणपाटं गुंडाळून वर जुनी गोधडी बांधली, पाणी बावन्नवर आणलं आणि मग फुटवे घातले. घातले की पारा दोन अंशांनी उतरतोच. फुटवे तरंगतात, वर जाळी ठेवून त्यावर चिरे ठेवायचे. सासूबाई थर्मामीटर धरून बसायच्या. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी काचेवर पन्नासच्या खुणेला तांबडा दोरा बांधून दिला. पारा दोऱ्याखाली उतरला की त्या "उतारला गो!" म्हणून हाक द्यायच्या आणि मी उकळत्या पाण्याचा एक तांब्या कडेने ओतून काठीने ढवळायचे. अर्ध्या तासाने बाहेर, गार पाण्यात, मग सावलीत बूड वर करून वाळवायचे. दिवसाला चार घाणे. हजाराच्या आसपास जगले. लावल्यावर पहिले दोन महिने रुसल्यासारखे जागच्या जागी होते, मग वाढीला लागले.

सप्टेंबर २०२३मध्ये ते पायवाटेपलीकडच्या तुकड्यात लावले, जिथे पूर्वी अननस नव्हता आणि गडगा लांब आहे. चेट्टांनी स्वतःच्या प्लॉटातले चार हजार दिले, प्रत्येक फुटव्याची खालची पानं आम्ही दोघांनी मिळून सोलली. आमिषाचे पाइप लागवडीच्या आधी महिनाभर लावले होते. फेब्रुवारी आला तशी मला धाकधूक. रोज संध्याकाळी कडेच्या ओळींतून फिरायचे. मार्चपर्यंत अकरा झाडं लाल झाली, एप्रिलअखेर एकूण अडतीस. प्रत्येक लाल पान दिसलं त्याच दिवशी झाड काढलं. नोव्हेंबर २०२४मध्ये म्हापशाच्या बाजारात पहिली गाडी गेली तेव्हा ह्यांनी रजा घेतली आणि स्वतः सोबत गेले.

परवा वरच्या वाडीतली एक वहिनी आली. तिलाही काजूत अननस लावायचाय, पाचशे फुटवे हवे होते. मी तिला ओळीत घेऊन गेले, एक फुटवा काढला, उलटा धरला आणि खालची पानं सोलायला लागले. ती म्हणाली, राहू दे, चांगलेच दिसतायत. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि तिला खाली बसवलं. पहिला फुटवा स्वच्छ होता. तो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.